म्हातारा कुत्रा उठत नाही, इंजेक्शन द्यावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. चोपडा तालुक्यात शेतावर राहणारा तुमचा गावठी कुत्रा वाघ्या, वय तेराच्या आसपास. दिवाळीपासून मागचे पाय ओढत होता, आता दहा-बारा दिवस उठतच नाही. खाणं निम्म्यावर आलंय, रात्री ओरडतो. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसलं की रक्तात वाढणारा घटक) ४.१. शेजारी म्हणतात नदीकाठी नाहीतर गोशाळेत सोडून द्या, आबा म्हणतात हाल संपवायला मरणाचं इंजेक्शन देणं म्हणजे पाप. सगळी उस्तवार आई करतेय आणि तुम्ही पुण्यात बसून विचारताय की त्याला ठेवणं क्रूरपणा की घालवणं.

मी पशुवैद्य आहे. आधी सरकारी नोकरी, आता स्वतःचा दवाखाना, सगळं जळगाव जिल्ह्यातच. कुत्रा न पाहता 'द्या' किंवा 'देऊ नका' असं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नका. पण तुमच्या खळ्यात येऊन त्याच्याजवळ बसले असते तर काय-काय बघितलं असतं, ते सांगू शकते.

सगळ्यात आधी रेबीजची लस. शेवटची कधी दिली? मागचे पाय जाणं हे मुक्या रेबीजचंही लक्षण असतं. त्यात कुत्रा अंगावर येत नाही, गपगार पडून राहतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, म्हणून ते तोंडात हात घालतात. तुमच्या वाघ्याचं दुखणं महिनोन्महिन्यांचं आहे आणि तो थोडं का होईना खातोय, त्यामुळे मला तशी शंका फारशी येत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रा साधारण दहा दिवसांत जातो. तरी लस झालेली नसेल आणि यातलं एखादं लक्षण नव्याने दिसलं, तर आईला त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. डॉक्टरांना कळवा. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर ती जागा भरपूर पाण्याने धुवा (जखम असेल तर साबणाने, पंधरा मिनिटं) आणि आईची लस त्याच दिवशी सुरू करा.

आता ओरडण्याचं. रात्री ओरडतो म्हणजे दुखतं असं आपण धरून चालतो, पण पाठीच्या कण्याचं दुखणं असलेल्या कुत्र्यात मी आधी मूत्राशय चाचपते. कण्यातल्या नसा दाबल्या गेल्या की त्याला लघवी नीट करता येत नाही, मूत्राशय तुंबतं आणि वरून थेंब थेंब गळत राहतं. घरचे सांगतात, 'लघवी तर होते, गादी ओलीच असते.' ती ओल म्हणजे भरून सांडलेली लघवी असते. त्याला कुशीवर झोपवून, मागच्या मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबून बघा. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काही घट्ट लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टर ते रिकामं करून दाखवतील, मग आईला दिवसातून तीन-चार वेळा स्वतःला जमेल. स्वतःहून जोर लावू नका. खडा अडकला असेल तर इजा होते. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नराची प्रोस्टेट ग्रंथीही बऱ्याचदा वाढलेली असते. त्यामुळे शौचाला कुंथावं लागतं, मागचा भाग दुखतो. तेही याच तपासणीत कळतं. मूत्राशय रिकामं झाल्यावर त्याच रात्री शांत झोपलेले कुत्रे मी पाहिलेत, तेही घरच्यांनी इंजेक्शनचं ठरवून मला बोलावल्यावर.

दुसरी गोष्ट ते ४.१. हा आकडा बघून घाबरणं साहजिक आहे, पण तो कोणत्या अवस्थेतल्या कुत्र्याचा आहे ते बघा. एप्रिल चालू आहे, कुत्रा उठत नाही आणि पाण्याचं भांडं बहुतेक नेहमीच्या जागी, खांबापाशी असेल. तहानेने अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी क्रिएटिनिन वर जातं. मूत्रपिंडाच्या आजाराच्या पायऱ्या ठरवायची आयरिस नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात कुत्र्यांसाठी २.९ ते ५ ही तिसरी पायरी आणि ५ च्या वर चौथी, म्हणजे शेवटची. पण ती पायरी ठरवायची अंगातलं पाणी भरून निघालेल्या, स्थिर कुत्र्याच्या रक्तावर, तीही एकापेक्षा जास्त वेळा तपासून. म्हणून दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन, मग पुन्हा तपासणी, सोबत लघवीची तपासणी. आकडा २ पर्यंत खाली आला तर तुमचा प्रश्नच बदलतो. ५ च्या पुढे गेला आणि उलट्या सुरू असतील, तर उत्तर जवळपास समोर येतं.

आपल्याकडे गोचीड इतकी आहे की प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि गोचीडतापाची तपासणी मी न चुकता करते. जुना गोचीडताप मूत्रपिंड खातो, सांधे धरतो, रक्त कमी करतो आणि बाहेरून हुबेहूब म्हातारपण वाटतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स असतो आणि तो महाग नाही.

वाघ्याला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या कामी येईल म्हणून दोन गोष्टी. म्हातारा कुत्रा अचानक एका बाजूला पडू लागला, मान वाकडी झाली, बुबुळं आडवी हलत असतील, तर लोक लकवा समजून आशा सोडतात. बऱ्याचदा तो तोल सांभाळणाऱ्या कानातल्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि दोन-तीन आठवड्यांत बराचसा ओसरतो. पहिल्या तीन दिवसांत काहीही ठरवू नका. आणि नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता धरा. वेळेत ऑपरेशन झालं तर ती चांगली जगते.

वेदनेकडे येते. मेडिकलवरून माणसांची गोळी आणून द्यायची नाही, हे आईला स्पष्ट सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्यात व्रण होतात आणि मूत्रपिंड बसतं. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपली गिधाडं जवळपास संपली, तीही मूत्रपिंड निकामी होऊनच. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. कुत्र्यांना चालणारं मेलोक्सिकॅमही क्रिएटिनिन इतकं वर असताना मी देत नाही. गॅबापेंटिन हा पर्याय असतो, पण त्याचा डोस मूत्रपिंड बघून कमी करावा लागतो. तो तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी इथे आकडा देणार नाही. माणसांसाठीचं पातळ औषध मात्र टाळा, काहींत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विष आहे.

आता ज्याला लोक 'सेवा' म्हणतात आणि जी प्रत्यक्षात आईच्या कंबरेवर येते, ती.

न उठणारा कुत्रा हिवाळ्यात महिनोन्महिने सांभाळता येतो. वैशाखात, पत्र्याच्या शेडमध्ये, नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. धडधाकट कुत्रा उन्हं सरकली की सावलीत सरकतो, नाल्यात जाऊन बसतो. वाघ्याला तेही करता येत नाही. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की मेंदू, आतडी, मूत्रपिंड सगळ्यांना धोका. म्हणून पुढच्या आठवड्यात कसलाही निर्णय होवो, आज त्याला शेतातून गावातल्या घरी आणा, मातीच्या घराचा ओटा किंवा फरशीची खोली असेल तिथे, पंख्याखाली. विजेचा भरवसा नसेल तर दाराला ओलं गोणपाट लटकवा. त्याच्या अंगावर ओलं गोणपाट टाकू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावून वारा घाला. केळीच्या बागेत गारवा असतो हे खरं, पण तिथली ओल आणि माश्या पडून असलेल्या कुत्र्याला घातक ठरतात.

अंथरुणाला जुनी जाड गोधडी, खाली फोम किंवा कापसाची गादी, वर धुता येईल असं फडकं. शेतात हाताशी असतात म्हणून खताची, औषधाची रिकामी पोती वापरू नका. प्लास्टिक तापतं, आणि कीटकनाशकाचा अंश त्याच्या कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातो. दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्री एकदा तरी. बदलताना कोपर, खुबा आणि घोट्याची बाहेरची बाजू बघा. केस विरळ होऊन कातडी लाल दिसली तर तिथे व्रण सुरू झालाय. मागच्या भागाचे केस कापून टाका, लघवी लागली की कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. दिवसा मच्छरदाणी लावाच. माशीने जखमेत एकदा अंडी घातली की आठवडाभर केलेली सेवा दोन दिवसांत अळ्या खाऊन टाकतात, आणि घरच्यांनी हाय खाल्लेली मी सगळ्यात जास्त तेव्हाच बघते.

पाणी पाजताना त्याला छातीवर बसतं करा, बाजूने उशी लावा आणि सिरिंजने गालाच्या कडेतून थोडं थोडं सोडा. मान वर करून ओतलं तर ते फुप्फुसात जातं. खायला मऊ भात, अंड्याचा पांढरा भाग, कोमट करून. मटणाची हाडं आणि कलेजी बंद, त्यातलं फॉस्फरस मूत्रपिंडाला जड जातं. घरात भरीत झालं की 'त्यालाही थोडं' हा आपल्याकडचा लाड आहे, पण कांद्याची पात आणि लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. तेवढं सोडून, इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर त्या दिवसाच्या आधी दोन-चार दिवस त्याला जे आवडतं ते खाऊ द्या. तेव्हा मी पथ्य सांगत नाही.

म्हणजे क्रम असा: लस विचारणं, मूत्राशय बघणं, सलाईन देऊन पुन्हा रक्त, वेदनेचं औषध, घरात आणणं. याला सात दिवसांची मुदत द्या आणि मुदत संपायची तारीख आजच ठरवा. मुदत न ठरवता 'बघू, काही फरक पडतो का' म्हणत राहिलं की निर्णय रात्री दोन वाजता, झटके सुरू असताना आणि फोन लागत नसताना घ्यावा लागतो.

त्या सात दिवसांत बघायचं काय? अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी केलेली एक मोजपट्टी आम्ही वापरतो. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबी, प्रत्येकीला ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणं चालू ठेवायला हरकत नाही. मला बेरजेपेक्षा त्यातले वेगवेगळे आकडे उपयोगी वाटतात. वेदना औषधानेही आटोक्यात येत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर बाकी सहा बाबींचे गुण मी मोजतच नाही. आणि हालचाल शून्य असूनही बाकी सगळं ठीक असेल, तर नुसत्या पायांपायी कुत्रा घालवायला मी तयार होत नाही.

आईला कालनिर्णयच्या चौकोनात रोज रात्री एक अक्षर लिहायला सांगा, 'च' चांगला, 'वा' वाईट. आईनेच लिहायचं, तुम्ही नाही. कारण तुम्ही शनिवारी आलात की वाघ्या मान वर करणार, शेपटी हलवणार, तुमच्या हातून दोन घास खाणार, आणि तुम्हाला वाटणार की आई उगाच सांगते. तुम्हाला दिसतो तो त्याच्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास. व्हिडिओ कॉलवर तर तेवढंही कळत नाही.

आईचं स्वतःचं काय, हेही विचारात घ्या. तीस किलोचा कुत्रा दिवसातून सहा वेळा पालथा-उताणा करणं साठीच्या बाईला किती दिवस जमेल? सात दिवस एखादा गडी लावता येतो का, तुम्हाला रजा मिळते का, यावर खूप अवलंबून आहे. माणूसबळ नाही म्हणून लवकर निर्णय घेतला तर मी त्याला दगडाचं काळीज म्हणत नाही. व्रण पडून, अळ्या होऊन महिनाभर काढण्यापेक्षा तो बरा.

'आपोआप जाईल' असं घरोघर म्हणतात. हृदय अचानक बंद पडलं तर जातोही. मूत्रपिंडाचा शेवट मात्र झोपेत होत नाही. मळमळ, तोंडात व्रण, उलट्या, कधी झटके, आणि हे दिवसचे दिवस चालतं. दुखणं आटोक्यात असेल, थोडं खात असेल, तर त्याला घरी त्याच्या वेळेने जाऊ देणं हाही रास्त मार्ग आहे. पण त्यासाठी रोजची देखरेख लागते, नुसतं न बघणं म्हणजे जाऊ देणं नव्हे. आणि नदीकाठी सोडणं हा तर मार्गच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपासमार किंवा हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. गोशाळा गायीबैलांसाठी असते, तिथे पांगळ्या कुत्र्याची कूस कोण बदलणार?

आबांबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, आधी विचारा की 'इंजेक्शन' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं. त्यांच्या पिढीने गावातल्या कुत्र्यांना स्ट्रिक्निन हे विष घालून मारलेलं पाहिलंय. पूर्ण शुद्धीत, अंग कमानीसारखं ताठ होऊन येणारा तो मृत्यू भयानक असतो. हृदयात स्ट्रिक्निन टोचून मारणं आता कायद्यानेच गुन्हा आहे. मी जे करते त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे समजावल्यावर बरेच आबा गप्प होतात. पापाचाच मुद्दा राहिला, तर १९२८ ची साबरमती आश्रमातली गोष्ट सांगा. असह्य वेदनेत तडफडणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देववलं. त्यावर संतापाची पत्रं आली, पण त्यांनी ते लपवलं नाही, जाहीरपणे लिहून आपली बाजू मांडली. आबांना पटेलच असं नाही. नाही पटलं तर त्या दिवशी त्यांना शेतात जाऊ द्या, सही-संमती मागत बसू नका. यावल तालुक्यातल्या एका घरात सगळे अडून बसले होते, तेव्हा माळ घातलेल्या आजीच म्हणाल्या, "माय, आते त्याले सुखमा जाऊ दे." कोण कधी तयार होईल, सांगता येत नाही.

ठरलंच, तर डॉक्टरांना आधी फोनवर विचारा: घरी याल का, आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना, आणि नंतर कोणतं औषध? पेंटोबार्बिटॉल हे गाढ बेशुद्ध करणारं औषध तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही, बहुतेक ठिकाणी त्याच गटातलं थायोपेंटोन असतं, तेही चालतं. गाढ बेशुद्धी आल्यावर हृदय थांबवायला आणखी एक औषध देतात, त्यालाही हरकत नाही. शुद्धीत असलेल्या कुत्र्याला थेट मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड टोचतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा, दुसरा डॉक्टर बघा.

प्रत्यक्षात आधी मांडीत सुई, दहा-पंधरा मिनिटांत तो झोपतो. मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी. अंगात पाणी कमी असलं की शीर सापडायला वेळ लागतो, मग मागच्या पायात बघावं लागतं. त्यात काही बिघडलं असं समजू नका. औषध गेल्यावर एक-दोन मिनिटांत श्वास थांबतो. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा खोल आचका येतो, कातडी थरथरते, लघवी-शौच होते. त्याला यातलं काहीच कळत नसतं, पण आईला आधी सांगून ठेवलं नसेल तर तिला वाटतं तो परत आला. स्टेथोस्कोपने हृदय थांबल्याची खात्री झाल्यावरच डॉक्टरांना उठू द्या.

खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवा, उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते. किमान चार फूट, विहीर-बोअर आणि नाल्यापासून लांब, पावसाळ्यात पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर. प्लास्टिक काढून, सुती फडक्यात. वर दगड आणि बाभळीचे काटे रचा. ते औषध शरीरात दीर्घकाळ टिकतं. कोल्ह्याने किंवा दुसऱ्या कुत्र्याने उकरून खाल्लं तर तोही मरू शकतो.

शनिवारी गावी जाताना दोन-तीन सिरिंज, मच्छरदाणी आणि डिजिटल थर्मामीटर घेऊन जा, ते गावात आयत्या वेळी मिळत नाही. आणि रक्ताच्या रिपोर्टचा पूर्ण फोटो टाका. मला क्रिएटिनिनपेक्षा फॉस्फरस, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचे आकडे बघायचेत. ते बघून सलाईन किती दिवस द्यायला सुचवायचं, ते सांगते.